जोडवडाचं नाव

कोल्हापूर, ३ सप्टेंबर २०२५

चि. संयोगितास, हंबीरमामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज चढतो आणि तू ठेवून देतेस, म्हणून लिहितो. आपल्या जोडवड तालमीचा फुटबॉल संघ कंपनीला देऊन तीन वर्षं झाली. आता कंपनी तो पुण्याला हलवणार म्हणे. तू त्या लीगच्याच ऑफिसात बसतेस, मग मामाला पेपरातून का कळावं? पुण्याला संघ हवा असेल तर नवा काढा की! आमचा कशाला उचलता?

तिकडं सँडविच खाऊन तू वाळलीस, असं मामीचं मत आहे.

लोभ असू दे. रागवायचं तर पत्रातून रागव.

तुझा,
हंबीरमामा

मुंबई, ९ सप्टेंबर

ती. मामांस, सा.न.वि.वि.

बातमी खरी आहे. बैठकीतलं बाहेर सांगायची मला बंदी होती. लीगपुढे दोन वाटा आहेत: पुण्याचा नवा, अकरावा संघ काढायचा, नाहीतर आपला तिकडे न्यायचा. संघ वाढला की टीव्हीच्या पैशात वाटेकरी वाढतो, म्हणून बाकीचे मालक कुरकुरतात. तरी आमच्या लीगच्या साहेबांचा कल नव्या संघाकडे दिसतो.

माझी भीती वेगळीच आहे. करारात नावाबद्दल काय लिहिलंय? तुमची प्रत वाचून कळवा. आणि मामीला सांगा, माझं वजन दोन किलो वाढलंय.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

आपली,
संयोगिता

कोल्हापूर, १५ सप्टेंबर

चि. संयोगितास, अनेक आशीर्वाद.

तालमीचे खजिनदार गणपतराव यांनी प्रत मोठ्यानं वाचली. नाव, रंग, जर्सीवरचा वड, सगळं कायमचं कंपनीचं. खाली माझी सही.

सहीच्या दिवशी तू इथंच होतीस. आधी वाचा म्हणालीस आणि मी चारचौघांत तुझ्यावर डाफरलो. आपल्याकडं ठरलेली गोष्ट तालमीच्या मारुतीपुढं ठेवायची आणि मग त्यावर बोलायचं नाही. कंपनीच्या पावण्यानं फेटा बांधून घेतला, नारळ फोडला, कागद देवापुढं ठेवला. तो उचलून चाळत बसणं म्हणजे देवासमोर अविश्वास, असं मला वाटलं. चुकलो पोरी. फार चुकलो. आता संघ इथं राहिला तरच नाव आपल्यात राहील.

वकिलानं कागद बघितला आणि यात काही होत नाही म्हणून परत दिला.

तुझ्या लोभावरच आता भिस्त.

हंबीरमामा

मुंबई, २ ऑक्टोबर

ती. मामांस, सा.न.वि.वि.

मतदान झालं. नव्या संघासाठी तीनच हात वर गेले. आपला संघ पुण्याला जातोय, नावासकट. ते इतिवृत्त मीच टाईप केलं. दोनदा उठून तोंड धुवावं लागलं.

तालमीला नोटीस येईल. जोडवड हे नाव लावून कुठल्याच स्पर्धेत उतरता येणार नाही, शहरातल्यासुद्धा. तेवढी सूट द्या, असं मी विनवून पाहिलं. कंपनी ऐकत नाही. मामा, नवं नाव घ्या, पण खेळ थांबवू नका. आणि वेळेवर जेवत जा.

तुमच्या मायेची,
संयोगिता

कोल्हापूर, १४ नोव्हेंबर

चि. संयोगितास, आशीर्वाद.

नोटीस आली. तालमीची पाटी आम्हीच रंग लावून पुसली. चांगली आठ पोरं कंपनीनं नेली, उरलेल्यांना घेऊन शहरातल्या स्पर्धेत उतरायचं ठरलं. आमचा कप्तान धैर्यशील, त्यानं चार नवी नावं काढली. मी एकाला मान डोलावली.

नोंदणीचा आज शेवटचा दिवस. खेळाडूंची नावं भरली. संघाच्या नावाच्या चौकटीपाशी आलो आणि हात चालेना. तीस वर्षं त्या चौकटीत मी एकच नाव लिहिलं. टेबलामागच्या माणसानं पाणी दिलं, थोडा वेळ थांबलाही. पाच वाजले, नोंदणी बंद झाली, तसा अर्धा फॉर्म तिथंच ठेवून निघालो.

पोरं तालमीच्या दारात बूट घालून बसली होती. धैर्यशीलनं विचारलं, फॉर्म भरला का. मी व्हय म्हणालो आणि आत येऊन तुला लिहायला बसलो. बाहेर त्यांचा सराव चाललाय.

लोभ मागायला तोंड राहिलं नाही.

हंबीरमामा