चालू सेटवरची दुरुस्ती

अब्बा, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, आणि मी पोटासाठी नेमकं काय करते हे तुम्हाला शेवटपर्यंत समजलं नव्हतं. कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, बेटी कंप्युटर का काम करती, आणि विषय बदलायचात. दोष तुमचा नाही, मीच कधी बसून सांगितलं नाही. घरात आपण दखनीत बोलायचो, पण माझी शाळा मराठी, त्यामुळे मनातलं लिहायचं म्हटलं की हात मराठीतच चालतो. तुम्ही रेडिओच्या दुकानात गिऱ्हाइकांशी मराठीच बोलायचात, तेव्हा चालवून घ्या.

मी प्रोग्रॅम लिहिते. ज्या भाषेत लिहिते तिचं नाव क्लोजर. नांदेडात ती येणारी मी एकटीच असेन, लातुरात कुणी असलं तर मला ठाऊक नाही. तिच्यात कंस फार. पण कंसांचा त्रास होत नाही, एडिटर ते आपोआप जुळवून देतो. त्रास होतो तो प्रश्नांचा. नव्याने शिकणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट आहे, तिथे मी उत्तरं देते, आणि प्रश्न रोज तेच. एडिटर म्हणून इमॅक्स शिकू की व्हीएस कोडवर भागेल? प्रोजेक्ट लायनिंगनने बांधू की डेप्सने? एरर पानभर लांब आला, कुठून वाचू? पूर्वी मी पानपानभर लिहायचे. इमॅक्समध्ये मी नऊ वर्षं काढली, मग मनगट दुखायला लागलं आणि सोडलं. लायनिंगनवरून डेप्सवर आले, एका जुन्या कामासाठी पुन्हा लायनिंगनवर गेले, आता दोन्ही चुलींवर स्वयंपाक चालू असतो. हल्ली मी एका ओळीत लिहिते, की जे हाताला बसलंय ते घ्या आणि कामाला लागा. दुकानात रेडिओदुरुस्ती शिकायला येणारेही तुम्हाला विचारायचे, सोल्डरिंगचं आयर्न पंचवीस वॅटचं घेऊ की साठचं, आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, पहले तार तो छील.

मी या भाषेला इतकी वर्षं चिकटून राहिले ते एका गोष्टीसाठी, आणि ती तुमच्या दुकानातली आहे. दुसरे मेकॅनिक रेडिओ बंद करून, उलटा टाकून तपासायचे. तुम्ही तो चालू ठेवायचात. मागचं झाकण काढलेलं, आत वीज खेळतेय, गाणं खरखरतंय, आणि तुम्ही एकेका सांध्याला मीटरची काडी लावताय. मी घाबरून मागे सरले की म्हणायचात, "चालू है तब देख. बंद होने के बाद सब एकसरीखेच दिखते." क्लोजरमध्ये नेमकं हेच करता येतं. प्रोग्रॅम लातुरात चालू असतो, मी नांदेडातून त्याला एक खिडकी जोडते, तिला रेपल म्हणतात. त्या खिडकीतून चालू प्रोग्रॅमचा एक तुकडा काढायचा, तिथे दुसरा बसवायचा, प्रोग्रॅम थांबत नाही. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला एकदम तुमची आठवण झाली आणि मी कामावर रडले. शेजारी बसणाऱ्या मुलीला वाटलं, मला कामावरून काढलंय.

पण तुमची अर्धीच गोष्ट मी उचलली. दुरुस्ती झाली की तुम्ही झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहायचात, कोणता कंडेन्सर काढला, कोणता घातला. मी बारा वर्षांची असेन. तुम्ही दुपारी जोहरच्या नमाजला गेला होतात, किनवटच्या गुरुजींचा रेडिओ टेबलावर होता. मी तुमच्यासारखंच चालू रेडिओत बघून एक कंडेन्सर बदलला, हातात आला तो जवळपासच्या मापाचा घातला. रेडिओ खणखणीत बोलायला लागला. मी खुशीत झाकण लावलं आणि स्क्रू आवळले. महिन्याभराने गुरुजी तो रेडिओ घेऊन किनवटहून पुन्हा रेल्वेने आले, आत जळका वास. तुम्ही झाकणावरची यादी वाचून दोन तास नको तिथे शोधत बसलात. गुरुजी बरंच बोलले. तुम्ही म्हणालात, "गुरुजी, माझ्या हातची चूक हाय. संध्याकाळच्या गाडीच्या आत करून देतो." ते चहा प्यायला गेल्यावर माझ्याकडे वळलात. हात लावला म्हणून रागवाल असं वाटलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "हात लगाई सो ठीक. क्या बदली सो अंदर लिखना नै?"

आता इकडचं सांगते. लातूरला बियाणं तपासणारी एक खासगी प्रयोगशाळा आहे. सोयाबीनचे नमुने येतात, प्रत्येकाचे शंभर-शंभर दाणे चार ट्रेमध्ये उगवायला ठेवतात, आठ दिवसांनी कोंब मोजतात आणि सरासरी काढून बियाणं पास की नापास ते ठरवतात. तो हिशोब माझा प्रोग्रॅम करतो. कधी एखाद्या ट्रेला बुरशी लागते, ती रद्द करून उरलेल्या तिन्हींचीच सरासरी धरायची असते. माझा प्रोग्रॅम रद्द ट्रेला शून्य धरून भागाकार चारने करत होता, म्हणजे चांगलं बियाणं विनाकारण नापास. तिथल्या मुख्य मॅडमनी फोन केला. मी लगेच खिडकी उघडली, चालू प्रोग्रॅममध्ये नवा तुकडा थेट टाइप केला, दोन नमुने तपासून बघितले, बरोबर आले. झालं म्हणून सांगितलं आणि उठले. प्रोग्रॅम सुरू होताना जी फाइल वाचतो, तिच्यात तो तुकडा लिहायचा राहिला. अशी खिडकी चालू कामावर उघडी ठेवावी का, हाही त्या गटातला नेहमीचा प्रश्न. मी दरवेळी सांगते, ठेवा, पण लिहाल ते आधी फाइलमध्ये लिहा आणि तिथून पाठवा.

पंधरा दिवस सगळं ठीक चाललं. मग लातुरात दुपारी लाईट गेली, यूपीएसच्या बॅटरीने दगा दिला आणि कंप्युटर बंद पडला. लाईट आल्यावर तिथल्या मदतनीसाने तो सुरू केला. पन्नाशीचा माणूस आहे, जळकोटचा, सकाळपासून वाकून कोंब मोजतो आणि आकडे भरतो. प्रोग्रॅमने फाइल वाचली, फाइलमध्ये जुनाच तुकडा. चार शेतकऱ्यांचं बियाणं नापास होऊन परत गेलं, मग कुणाच्या तरी लक्षात आलं. मॅडमनी मला विचारलं, लाईट जायच्या आधी बरोबर होतं आणि ह्यांनी सुरू केल्यावर चुकलं, असं कसं? तोवर मी फाइल उघडलेली होती. जुना तुकडा समोर दिसत होता. मी म्हणाले, रीस्टार्टमध्ये काहीतरी झालं असेल.

यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे मी नंतर स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल. मॅडमनी खोटं काही ऐकलं नव्हतं, आणि तरी त्यांना जे कळायचं ते उलटंच कळलं. मी पाच मिनिटांत तुकडा फाइलमध्ये लिहिला आणि गप्प बसले. मॅडमनी त्या माणसाला सांगितलं की मशीन नीट सुरू करता येत नसेल तर पुढच्या महिन्यापासून येऊ नका. मॅडमचा आधीच माझ्यामागे धोशा होता, की क्लोजरचा माणूस इथे मिळत नाही, उद्या तुम्ही आजारी पडलात तर आम्ही कुणाकडे जायचं, पुण्याची कंपनी दुसऱ्या भाषेत सगळं नव्याने करून द्यायला तयार आहे. प्रश्न रास्त आहे. उत्तर मला देता येत नाही, आणि खरं सांगायचं तर आता द्यायचं बळही नाही. तेवढंच एक मोठं काम हातात होतं. ते जाऊ नये म्हणून मी सहा दिवस गप्प राहिले.

काल त्या माणसाचा फोन आला. वाटलं, भांडेल. म्हणाला, "मॅडम, म्या लाईट आल्यावर बटण दाबलं, येवढंच केलं. त्यात काय चुकलं ते तेवढं सांगा. म्हंजी दुसरीकडं काम लागलं तर तिथं तसं करणार न्हाई." मी म्हटलं, बघून सांगते. तो म्हणाला, बरं, काही घाई न्हाई. फोन ठेवल्यावर मला स्वतःची इतकी किळस आली की जेवणावरची वासनाच उडाली.

आज सकाळी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं?" मी हो म्हटलं. चार शेतकऱ्यांचे नमुने पुन्हा लावतील, त्या माणसाला ठेवून घेतील, आणि प्रोग्रॅम दिवाळीनंतर पुण्याला जाईल. त्या खूप चिडल्या आणि मला त्याने बरं वाटलं. माझे कंस आता कुणी वाचणार नाही, याचं जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. थकले आहे, एवढंच.

त्या मदतनीसाला मात्र मी अजून फोन केलेला नाही. मॅडम सांगतीलच, अशी स्वतःची समजूत घालतेय. मॅडमपुढे कबूल करणं जमलं, कारण त्या रागावणार होत्या. तो रागावणार नाही. असू द्या मॅडम, म्हणेल, आणि तेच मला ऐकवणार नाही. खरं म्हणजे दुपारी कागद घेऊन बसले ते त्यालाच लिहायला. तीन वेळा सुरुवात केली आणि खोडली. चौथ्यांदा अब्बा असं लिहिलं, कारण तुमच्याकडून उत्तर येत नाही.