सादर झाले असे समजण्यात येईल

९ जानेवारी २०२५

निवडला! माझा निबंध निवडला! अठरा तारखेला आमच्याच कॉलेजात विद्यार्थी परिषद — 'स्त्रीवादी सिद्धान्त आणि ग्रामीण वास्तव'. दहा मिनिटं मिळणार. माझी रूममेट रश्मी कॉटवर उड्या मारत होती, मी पत्र पुन्हा पुन्हा वाचत होते.

११ जानेवारी

पारनेरकडे जाऊन आले. चांगुणामावशींना सांगायलाच हवं होतं, सगळा निबंध त्यांच्या बोलण्यावर उभा आहे. त्यांच्या गावात महिला ग्रामसभा भरतच नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई घरोघर फिरतो, बाया चुलीपाशी बसूनच सह्या करतात, आणि कागदावर सभा होते. मागे मी विचारलं होतं, सभा खरीच भरली असती तर काय बोलला असतात? "पान्याचं बोलले असते. पर नाव तेवढं लिवत्यात, बोलनं कोन लिवतंय?" मोजलेली बाई वेगळी आणि ऐकलेली बाई वेगळी — माझी सगळी मांडणी एवढ्यावरच आहे.

मी म्हटलं, मावशी, आता हे माइकवर जाणार. "माज्या नावानं?" हो! लाजल्या, मग चहा टाकला. निघताना मी तावातावाने सांगून आले — यंदा सही करू नका. तुम्ही करता म्हणून त्यांचं फावतं.

१६ जानेवारी

आबासाहेब सरांनी बैठक घेतली. ते विभागप्रमुख, परिषदेचे संयोजकही तेच. "मुलींनी काठापदराच्या साड्या नेसायच्या, फेटे बांधायचे. ओवाळणं शिस्तीत झालं पाहिजे." हर्षलचाही निबंध आहे. त्याला ना फेटा, ना ताट. मी म्हटलं, सर, मी निबंध वाचणार आहे. "अगं, मग काय झालं? आधी ओवाळ, मग वाच."

स्त्रीवादी परिषद म्हणे! शिसारी आली.

१८ जानेवारी

शी. शी. शी.

पाहुणे दीड तास उशिरा. मग सत्कार. पाहुण्यांचे, संचालकांचे, सत्कार करणाऱ्यांचेसुद्धा! ताट धरून हात भरून आले. प्रमुख पाहुणे म्हणाले, "बाईला डोक्यावर घ्या, पण डोक्यात जाऊ देऊ नका," आणि सभागृह खदखदून हसलं. पहिल्या रांगेतल्या आमच्या विभागाच्या मॅडमही हसल्या. त्यांचं हसणं जास्त लागलं मला.

मग सरांनी माइक घेतला. जेवणं थंड होत आहेत. वेळेअभावी विद्यार्थ्यांचे सर्व निबंध सादर झाले असे समजण्यात येईल. टाळ्या!

खरंच टाळ्या वाजल्या. मी कागद हातात घेऊन तयार उभी होते.

प्रमाणपत्रांची रांग लागली. 'निबंध सादर केला' — त्यापुढे सही करायची, प्रमाणपत्र घ्यायचं, पाहुण्यांसोबत फोटो काढायचा. हर्षल म्हणाला, "बरं झालं, बोलायचं टेन्शन गेलं." मी सरांना गाठलं. सर, हेच तर माझ्या निबंधात आहे, बायका बोलत नाहीत आणि कागदावर सभा होते! ते हसले. "यशोधरा, पीएच.डी.च्या मुलाखतीत प्रमाणपत्र बघतात. वाचलंस की नाही, कोण विचारतंय?"

सही केली. सगळ्यांनीच केली. मी एकटीने न करून काय होणार होतं?

पुरी-श्रीखंड होतं. ताटाला हात लावला नाही.

१९ जानेवारी

कॉलेजच्या पेजवर फोटो आलाय. 'ग्रामीण स्त्रीचा आवाज दुमदुमला!' फोटोत फेटा बांधून मी दात काढते आहे.

२१ जानेवारी

आईचा शेवगावहून फोन. साऱ्या गल्लीला फोटो दाखवतेय. मी विषय बदलला. चांगुणामावशींना फोन करायचाय. उद्या करेन.

२४ जानेवारी

त्यांचाच फोन आला. काल शिपाई उद्याच्या सभेच्या सह्या घ्यायला आला होता. "म्या न्हाई केली! समद्या आळीत म्या एकलीच. घरात लई चिडल्यात, कालपास्नं कुनी बोलंना माज्याशी. पर म्हनलं, पोरीनं तिकडं माजं नाव घेतलंय, आता कशी करू सही?" मग म्हणाल्या, "ऐकलं ना गं समद्यांनी?"

मी हो म्हणाले.