सीडी रायटर खराब नव्हता

पौर्णिमा,

मंडपवाल्याले भेटाले कारंज्याले चाललो, दुपारच्या एसटीनं येतो. तू झोपली होती, अन् तोंडावर सांगाची हिंमतबी नव्हती.

सीडी रायटर खराब नाही. सीडी बर्न कराच्या सॉफ्टवेअरमधी कोणत्या युजरले परवानगी द्याची, ते ठरवता येते. त्यातून तुह्यं नाव म्याच काढलं होतं. तू दोनदा कोऱ्या सीड्या बदलून आणल्या, दुकानदाराशी भांडली, अन् मी इथं बसून "रायटरच गेला असन" म्हणत होतो.

आता परवानगी देली. कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू कर, मंग तुह्या युजरवरून होते. परवा बाबाच्या पुण्यानुमोदनाले, त्यायच्या आठवणीच्या कार्यक्रमाले, पाहुणे येतीन, तवापर्यंत वीस सीड्या निंगतीन.

काहून केलं म्हणशीन. बाबाच्या भीमगीताच्या रेकॉर्डिंगमधी, चौथ्या गाण्यात ते मधीच थांबतात अन् म्हणतात, "धम्मा, तू टाळ्या वाजव. सूर पौर्णिमाले धरू दे." हे साऱ्या नातेवाइकाच्या घरी वाजन, ते मले सहन नाही झालं. तेवढं कापूनच सीड्या बनवाच्या, असं म्या ठरवलं होतं.

काल कापूनबी पाह्यलं. पण त्या बोलण्यावरच बाबा हसतात, ते हसणंबी संग जाते. म्हणून पहिली फाइल तशीच ठेवली. तीच बर्न कर.

परवा ते गाणं तू म्हणजो. टाळ्या मी वाजवतो.

तुहा दादा,
धम्मरत्न