घर विकणे आहे, एजंट क्षमस्व

आई,

आपलं घर मी विकायला काढलं आणि दलालाला मध्ये घेतलं नाही. हे तुला आधी सांगते, कारण ऐकणारा प्रत्येक जण मला वेड्यात काढतोय. धाकटा तर फोनवर ओरडलाच, "ताई, भिवंडीत दलालाशिवाय टपरी विकली जात नाही आणि तू घर विकायला निघालीस!" त्याच्या बदलापूरच्या बिल्डिंगमध्ये, त्याच्याच मजल्यावर, एक छोटा फ्लॅट रिकामा होतोय. मी तिथं यावं म्हणून तो कधीचा मागे लागलाय. "तुझे गुडघे गेले, पूर्णा गावातल्या गोडाऊनमधली नोकरी संपली, उद्या बाथरूममध्ये पडलीस तर कळणार कोणाला?" असं मला म्हणतो. कळणार नाहीच कोणाला. फ्लॅट घ्यायचा तर हे घर विकायला हवं, दुसरा मार्ग नाही. शेवटी मी हो म्हटलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मोठं काही करायचं तर मी आधी मनात तुला विचारते. या वेळी मात्र करून बसले आणि मग सांगतेय.

दलाल आला होता, नाही असं नाही. गल्लीच्या तोंडाशी ज्याचं कपाटाएवढं ऑफिस आहे, तोच. चपला न काढता आत आला, चारी भिंतींवरून नजर फिरवली, थेट स्वयंपाकघरात गेला आणि म्हणाला, "ताई, बाजूच्या कारखान्याचा शेठ आज घेईल. ये दीवार निकाली, की चार पॉवरलूम आरामात बसतात." माझ्या डोळ्यांदेखत त्यानं तुझ्या ओट्याच्या जागी लूम बसवूनसुद्धा टाकले! वर म्हणतो, "तुम्ही चावी माझ्याकडं द्या आणि भावाकडं जाऊन निवांत राहा. पार्टीचं तोंडसुद्धा बघायला नको तुम्हाला." मला तुझ्यासारखं गप्प राहता येत नाही, तुला ठाऊक आहे. म्हटलं, "माझ्या घरात कोण राहणार त्याचं तोंड मी बघणार. आणि दाखवायचं असेल तर मीच दाखवीन. चहा घेणार असाल तर बसा, नाहीतर निघा." तो निघाला. गल्लीत सांगत सुटला, ताईंचं डोकं फिरलंय.

मग मी पेंटरकडून प्लायवूडचा एक तुकडा रंगवून आणला. घर विकणे आहे, स्वयंपाकघर मोठे, शांत वस्ती, खाली माझा फोन नंबर आणि शेवटी एजंट क्षमस्व. पेपरातल्या जाहिरातीत तसं लिहितात म्हणून लिहिलं, नाहीतर त्यांची क्षमा कसली मागायची, डोंबल! बोर्ड ओटीच्या गजांना तारेनं बांधला आणि आत येऊन बसले. पहिलं गिऱ्हाईक कल्याणहून आलं, एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांची सून. मंगळवार होता. सून दारातच थबकली, तिनं ओढणी कानावर दाबून धरली. मी पाण्याचा पेला पुढे केला तर मोठ्यानं विचारते, "हा आवाज कसला?" मी म्हटलं, "कोणता आवाज?" आई, तुझी शपथ, मी खरंच विचारलं. मला वाटलं, पंखा वाजत असेल. सासरे हसायलाच लागले. "अहो बाई, भिंत हलतेय तुमची! शांत वस्ती काय लिहिलंय बोर्डवर?" तेव्हा मी कान देऊन ऐकलं आणि मग कुठं ऐकू आलं. बाजूचा कारखाना, मागचा कारखाना, खटाक् खट्, खटाक् खट्, आणि मांडणीवरच्या ताटल्या त्याच तालात थरथरतायत. मी जन्मले तेव्हापासून ते चालू आहे, मी ते वेगळं कधी ऐकणार? शांत म्हणजे मला वाटत होतं, भांडणतंटा नाही, शिवीगाळ नाही, कोणी कोणाच्या दारात येऊन तमाशा करत नाही. धाकट्याला सांगितलं तर हसता हसता त्याला ठसका लागला. "अगं, तू फोनवर केवढ्यानं बोलतेस ते ऐक आधी," म्हणाला.

खरंय त्याचं. आपल्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे. आणि जे जेवायला यायचे ते तर बोलायचेच नाहीत. बाबा गेल्यावर तू लूम कामगारांची खानावळ काढलीस तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन. कुठून कुठून आलेली माणसं ती, आझमगडची, बिहारची, तेलंगणातली. शिफ्ट सुटली की हातपाय धुऊन भिंतीशी रांगेत बसतात, केसांत, भुवयांत कापसाचा भुगा, आणि हातानंच सांगतात. तळवा उताणा केला की भात, बोट गोल फिरवलं की रोटी, ताटावर पंजा आडवा धरला की बास. तू ओट्याशी उभी राहून नुसत्या ओठांवरून ओळखतेस, कोणाला डाळ हवी आणि कोणाचं पोट बिघडलंय. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी तीच माणसं जेवता जेवता बोलायला लागतात, गावातल्या म्हशीबद्दल, बायकोच्या बाळंतपणाबद्दल, एखादा गुणगुणतोसुद्धा, आणि तू परात हातात धरून ऐकत राहतेस. "ह्याचा आवाज असा हाय व्हय!" असं मला म्हणतेस. महिनोन् महिने ज्याला वाढलंस त्याचा आवाज तुला त्या दिवशी कळतो. मला तुझं एक बोलणं चांगलं आठवतं. नवीन माणूस दारात आला होता, आणि मी आपली उंबऱ्यातच त्याला आडवी होऊन, कुठून आलास, कोणी पाठवलं, कोणत्या कारखान्यात आहेस, अशी फैर झाडत होते. तू आतून आलीस आणि दंडाला धरून मला बाजूला केलंस. "आधी पानी दे. मंग इचार काय इचारायचा त्यो. दारात मानूस आलाय, ह्या काय कमी हाय?" मला तेव्हा राग आला होता. दारात माणसांची काय कमी होती आपल्या!

कल्याणवाले गेल्यावर समोरची चाची आली. आता तिला धड दिसत नाही, पण जीभ तशीच आहे. "अगं, तुला अक्कल कधी येणार? जुम्म्याला बोलव ना लोकांना! लूम बंद असतात. सगळे दलाल जुम्म्यालाच घर दाखवतात. एवढं पण तुला ठाऊक न्हाय?" नव्हतं ठाऊक. सगळा जन्म इथं गेला आणि नव्हतं ठाऊक. मग मी फोनवर सगळ्यांना शुक्रवार द्यायला लागले. एक शिक्षक आणि त्यांची बायको आली. दोघं ओटीवर बसली, पोहे खाल्ले, मुलीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनचं सांगितलं, बाईंनी तर गुडघ्याला कोणतं तेल लावायचं तेही सांगितलं. "काय शांत आहे हो तुमच्याकडं," सर म्हणाले. ते दोघं इतके चांगले होते, की माझ्यानं राहवेना. जाताना दारात म्हटलं, "एकदा उद्या या, दुपारचे. मग ठरवा." उद्या कशाला, म्हणून विचारलं तर सांगून टाकलं. ते आले नाहीत. चाचीनं कपाळाला हात लावला. "विकायचं हाय का नुसतं दाखवायचं हाय तुला?" असं म्हणाली ती, आणि मला ते लागलं.

कारण आई, मला लोकांचं येणं आवडायला लागलं होतं. तुला खोटं कशाला सांगू? दलालाकडं चावी दिली असती तर एव्हाना मी बदलापूरला असते. पण इथं फोन वाजतो, कोणी विचारतं, येऊ का, आणि मी सकाळपासून कामाला लागते. ओटी पुसते, नवीन कप काढते, साखर आहे का बघते. माणसं येतात, प्रत्येक खोलीत जातात, विचारतात, इथं काय होतं? मी सांगते, इथं खानावळ होती, इथं माझी आई उभी राहायची. गेल्या कित्येक वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. धाकटा रोज विचारतो, किती जण येऊन गेले. तेवढं सांगते. किती वेळ बसले ते सांगत नाही. तू हे घर माझ्या नावावर केलंस तेव्हा सगळे तुला बोलले, लेकीला कशाला घर, तिचं लग्न होईल. लग्न झालं नाही ते नाही, पण तू त्यांना काय म्हणाली होतीस ते मी कधी विसरले नाही. "तिला आपल्या दाराची कडी आतून लावता आली पायजे." आली गं. रोज लावते. संध्याकाळी एकदा लावली की सकाळी दूधवाला येईपर्यंत तिला कोणाचा हात लागत नाही. खूप एकटं वाटतं आई, आणि हे धाकट्याला सांगितलं तर तो उद्याच टेम्पो घेऊन येईल.

मग एका बुधवारी भर दुपारी, फोन न करता, एक बाई आली. नवरा पूर्ण्याला गोडाऊनमध्ये सुपरवायझर, ही इथल्याच लूमच्या गल्लीत जन्मलेली, घरी तेलुगू आणि बाहेर आपली हिंदी-मराठी खिचडी. या वेळी मी आधीच सांगून टाकलं, "हे बघा, नंतर मला बोल लावू नका. इथं आवाज आहे." तिनं इकडं तिकडं बघितलं, वर पंख्याकडं बघितलं आणि मला विचारलं, "कसला आवाज, आंटी?" आई, मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. मग मला जे हसू फुटलं! तिला कळेना मी का हसते, तरी तीही हसायला लागली. हीच, असं मला तेव्हाच वाटलं. तिनं नळ सोडून बघितला, भिंती ठोकून बघितल्या, गच्चीवर गेली. सगळ्यात शेवटी स्वयंपाकघरात आली, ओट्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ये सब तोडून टाकायचं. इतना बडा किचन कशाला पायजे? इथं पोरांची खोली निघेल."

दलालाला ज्यावरून हाकललं तेच ही बोलत होती, फक्त लूमच्या जागी पोरं. ओठांवर आलं होतं, निघा म्हणावं. तुझ्या हातानं ज्या ओट्याची कड झिजलीय तो ओटा! पण मी विचारलं, "पोरं किती?" म्हणाली, "दोन. और मेरी सास. ननंद पण राहते आमच्याकडं, तिची ड्युटी असते." सासू, नणंद, दोन पोरं, नवराबायको. मी मनातल्या मनात त्यांना खोल्यांतून बसवून बघितलं. कोणी ना कोणी सतत दार वाजवणार, कोणाची तरी चप्पल हरवणार, कोणीतरी कोणाला ओरडून हाक मारणार. म्हटलं, "तोडा. पण आधी चहा घ्या." किमतीवरून आम्ही दोघी तासभर भांडलो, मग तिचा नवरा आला आणि तोही भांडला, आणि मजा आली. मधला कोणी नव्हता. वकिलाकडं जाऊन करार झाला, इसार झाला. ताबा दिवाळीनंतर द्यायचाय. चाचीला सांगितलं तर ती आधी शाबास म्हणाली, आणि मग डोळ्याला पदर लावून बसली. म्हणाली, "आता समोर लाइट लागला की मी कोणाला हाक मारू?"

धाकटा खूश आहे. फ्लॅटला रंग द्यायचाय, कोणता देऊ म्हणून विचारतो. काल म्हणाला, "ताई, आता तो बोर्ड काढून टाक, उगाच लोकांना हेलपाटा." मी म्हटलं, काढला. काढलेला नाही. आज सकाळी एका बाईंचा फोन आला, गणेशपुरीहून. मुलाला इथं कारखान्यात काम लागलंय, म्हणून घर बघतायत. आवाज थकलेला, तुझ्या माहेरच्या बाजूची बोली. "घर गेला तर न्हाय ना, ताई?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, "या की. जेवायच्या आधी या." आता ती मायलेकरं एसटीत असतील. कप धुऊन ठेवलेत, आधण ठेवलंय, आणि तेवढ्या वेळात तुला हे लिहीत बसलेय. टाकायचं कुठं हे पत्र? पत्ता लिहायचा तर हाच लिहावा लागेल आणि दार उघडायला मीच.

घर गेलंय हे मी त्यांना सांगणार आहे, आई. चहा झाल्यावर सांगणार आहे.