राजकुंवरची पाणपोई

धुळे,
होळीच्या आधीचा मंगळवार

चि. सुरेशचंद यास आईचे आशीर्वाद. सूनबाईचा खोकला थांबला असेल, तुझी केळी वेळेवर लादली जात असतील, असं धरून चालते. माझे गुडघे दुखतात, पण ते विचारायला तू पत्र लिहिलं नव्हतंस.

पोरगी राजकुंवर स्टँडवर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजते, सावद्यात तोंड दाखवायला जागा नाही, रविवारी येऊन शाळेतून काढून नेतो, असं लिहितोस. (शेजारची अकबरी वाचून दाखवते, लिहूनही तीच घेते. तीही त्याच पाणपोईवरची, म्हणून वाचताना तुझा आवाज मुद्दाम घोगरा काढते.) ने बाबा. मीही कंटाळले. यंदा विहिरी आटल्या म्हणून शाळेच्या बाईंनी स्टँडवर पाणपोई घातली आणि पोरींना स्वयंसेविका केलं. मला वाटलं, स्वयं म्हणजे आपण, तर आता आपली वेणी आपण घालील, आपलं ताट आपण उचलील. कसलं काय. घरी हाका मारून घसा सुकला तरी तांब्या हलत नाही आणि तिथे कंडक्टरला ‘काका, अजून घ्या’. परवा तहानेने तशीच स्टँडवर गेले, तर मला म्हणते, “आजी, रांगेत या.” साक्रीच्या गाडीतल्या सगळ्या उतारूंमागे उभी राहिले. पाणी गाळायला माझी नवी साडी फाडली. का, तर जुनीतून कचरा जातो.

नववीत नापास झाल्यापासून शाळेच्या वेळेला रोज हिचं पोट दुखायचं, आठवतं ना? ओवा देऊन देऊन माझी बरणी रिकामी व्हायची. आता ओवा कोणी मागत नाही, त्याला जाळी लागली. ते नुकसान कोण भरून देणार? ज्या पोरी हिला ‘नापास’ म्हणून हाक मारायच्या, त्याच आता हिला बोलवायला येतात आणि माझे पापड संपवून जातात. जेवताना कोणाची म्हातारी कुठल्या गाडीने गेली ते सांगत बसते, मला झोप येते. तेव्हा ये आणि ने.

तुझी आई,
सुगनबाई

ता. क. या रविवारी येऊ नको. यात्रेची गर्दी आहे, स्टँडवर तिच्यावाचून अडेल.

ता. क. आलासच तर उतरल्यावर तहान लागेल. आधी तिच्या हातचं पाणी पी, मग काय रागवायचं ते रागाव. रांगेत मात्र उभा राहा.

ता. क. पाणपोईचा माठ तडकला आहे. येताना दोन मोठे माठ आण. एसटीच्या टपावर फुटतील, मांडीवर घेऊन बैस.

(आजी ता. क. एकच म्हणाल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. – अकबरी)