कोब्लेंझच्या वेळापत्रकाची आठवी प्रत

आउरिख, बुधवार, ११ जून. सकाळचे ६ वाजून ४० मिनिटे. एका हातात चहाचा तिसरा पेला, दुसऱ्या हातात आखायची पट्टी.

ती. इर्मट्राउट मावशीस आयकेचा नमस्कार.

कंबर कशी आहे? मी आणि स्वान्त्ये कोब्लेंझला येतो असे कळवल्यावर "जरूर या, हॉटेलं खूप आहेत" असे तू लिहिलेस, तो जिव्हाळा वाचून मला भरून आले. हॉटेल घेतले आहे. खोलीतून ऱ्हाइन दिसते, असे मालकाने कळवले. कोणत्या खिडकीतून, असे मी विचारले (विचारलेले बरे असते). न्हाणीघराच्या, म्हणाला, टबाच्या कडेवर उभे राहिल्यास.

नववीत शाळा सोडलेल्या माणसाच्या मानाने वेळापत्रक बरे जमले आहे. ही आठवी प्रत. ती फ्रीजवर लावली आहे. गुरुवार १९ ते शनिवार २१. गुरुवारी ११:२० ला सोनाराकडून अंगठी घेणे. (इथला सोनार स्वान्त्येचा सख्खा काका. त्याला सकाळी कळलेली गोष्ट दुपारच्या चहाला गावभर वाढली जाते. म्हणून तुमच्या गावचा सोनार.) मग १६:१० ते १६:२५, दोन नद्या मिळतात त्या टोकावर, "विचारणे (उत्तरासाठी चार मिनिटे)". काय विचारणे हे लिहिलेले नाही, त्यामुळे स्वान्त्येला संशय येण्याचे कारण नाही.

काल खात्री करायला सोनाराकडे फोन केला. बाई म्हणाल्या, "गुरुवारी? अहो, गुरुवारी ख्रिस्तदेहाचा सण. सगळं बंद, मिरवणूक असते. तुमच्याकडे काय असतं त्या दिवशी?"

मी म्हणालो, "आमच्याकडे गुरुवारी कचऱ्याची गाडी येते."

"अरेरे," बाई म्हणाल्या. शुक्रवारी आणि शनिवारीही दुकान बंद, कारण सण आणि रविवार यांच्या मध्ये उगाच कशाला उघडायचे. सोमवारी या म्हणाल्या. सोमवारी मी इथे गोदामात नळाचे तुकडे मोजत असेन. एकाच देशात राहून देवाने कॅथलिकांना एवढ्या सुट्ट्या आणि आम्हा उत्तरेकडच्या प्रोटेस्टंटांना एवढा वारा का दिला, हे तुमच्या पाद्रीबुवांना सवडीने विचार.

बाकी सर्व ठीक. कंबरेला जप, जड काही उचलू नकोस.

तुझा,
आयके

ता. क. अंगठी जड नाही. पावती सोबत जोडली आहे. बुधवारी १८ तारखेला सहाच्या आत जाऊन आणशील का? पत्र खरे तर एवढ्यासाठीच लिहिले.

ता. क. २. सात पंचवीस. स्वान्त्ये कामावर गेली आणि दूध घ्यायला उठलो, तर फ्रीजवरच्या कागदावर १६:१० च्या ओळीत तिचे पेन्सिलीचे अक्षर: "हो. चार मिनिटं कशाला लागतात? आणि त्या दिवशी तिकडे दुकानं बंद असतात, वेड्या. खायचा डबा मी घेते."

ता. क. ३. अंगठी तरीही बुधवारीच आण. वेळापत्रकात आता पंधरा मिनिटे रिकामी पडली आहेत. तेवढ्यात दोघे तुझ्याकडे चहाला येऊ म्हणतो. त्यासाठी तरी हॉटेल सुचवू नकोस.