राज्य ताईवर

१९ मे २०१४, सोमवार

गोविंद हरवला नव्हता. दुधाच्या बूथपाशी उभा होता — पिशवी छातीशी धरून, पाऊण तास! शेवटी बूथवाले उमाजी हाताला धरून घेऊन आले. म्हणाले, "ताई, घर कुठल्या बाजूला ते मलाच विचारत होते." बूथपासून आमचं घर चौथं. वीस वर्षं हाच माझा भाऊ दूध आणतो.

मी तडतडले त्याच्यावर. मग त्याचं तोंड बघितलं आणि त्याच्या हातातली पिशवी घेतली.

२१ मे

डॉ. अप्पारावांना फोन केला. गेल्या जूनमध्ये त्यांनीच गोविंदच्या मेंदूचे तरंग कागदावर उतरवून घेतले होते. डाउन सिंड्रोमच्या माणसांना विसरायचा आजार लवकर गाठतो, चाळिशीनंतर केव्हाही, म्हणून दरवर्षी बघायचं म्हणाले. तेव्हा मला वाटलं, रिकामे उद्योग. गोविंद आता शेहेचाळीस. १० जूनला बोलावलंय.

माझंही इथेच लिहून टाकते, दुसरं कोणाला सांगू? हृदयाचा व्हॉल्व्ह आकसलाय. ऑपरेशन केलं तर पुष्कळ वर्षं, नाहीतर गोळ्यांवर चार-पाच. मी नको सांगून आले. मी दोन महिने अंथरुणावर पडले तर याला न्हाऊमाखू कोण घालणार? आई गेल्यापासून आम्ही दोघंच. देवाकडे माझं एकच मागणं — त्याच्यापेक्षा मला एक दिवस जास्त दे. एकच.

म्हणजे तो आधी जावा, असंच मागते की मी. हे आज लिहिल्यावर कळलं. बाई आहे की कोण आहे मी!

२ जून

आजपासून आपण तेलंगणात. घर तेच, तारनाका तोच, नळाला पाणी तेच एक दिवसाआड. सकाळपासून रस्त्यावर गुलाल आणि मर्फ्याचे ढोल. कोणाचीही बारात असो, मर्फा वाजला की आमचा गोविंद सगळ्यांच्या पुढे नाचायला. नवरदेवाचे काका त्याला आपला समजून पान देतात.

आज कानांवर हात ठेवून पलंगावर बसून राहिला.

"गोविंदा, मर्फा आलाय की रे."

"नक्को."

मग मीच त्याच्यासमोर ठेका धरला. चौसष्टाव्या वर्षी, धापा टाकत! हसला नाही. मला भीती वाटते.

३ जून

शर्टाची बटणं आज मी लावली.

१० जून

डोक्याला तेल नको असं बजावलं होतं, त्यावरून सकाळी रुसवा. रोज त्याला तेल चोपून भांग लागतो. पण दवाखान्यात तरंग मोजायची टोपी चढवली आणि स्वारी खूश! टोपीच्या वायरी दोन्ही गालांवरून खाली सोडल्या होत्या. आरशात बघून म्हणाला, "मुंडावळ्या." मग तंत्रज्ञ मुलीला, स्वरूपाला, "नवरी कुठंय?" किती दिवसांनी चेष्टा केली त्याने. मी पदराआड डोळे पुसले.

डोळे मिटून पडायचं, बस. वीस मिनिटं शहाण्यासारखा पडला, माझं बोट धरून.

मग प्रश्न. स्वरूपा हिंदीत विचारणार, मी मराठीत सांगणार. दिवस कोणता? बरोबर. राज्य कोणतं?

"ताईवर," गोविंद म्हणाला.

स्वरूपाने शून्य लिहिलं. मी भांडले. अहो, आमच्या रेल्वे क्वार्टर्सच्या अंगणात पोरं पकडापकडी खेळायची, तेव्हा हा लिंबूटिंबू. याला कोणी पकडलं तरी याच्यावर राज्य यायचं नाही, ते मी घ्यायची, चांगली पंचविशीची बाई असून. राज्य कोणावर, तर ताईवर. हा चुकला कुठे? आणि दहा दिवसांपूर्वी तुमचं उत्तर वेगळं होतं. सरकारच्याच पाट्या अजून बदलायच्यात, आणि माझा भाऊ नापास!

स्वरूपा म्हणाली, "हौ अम्मा, नाराज नक्को होओ." डॉक्टर हसले. म्हणाले, अशा माणसांना प्रश्न कमी पडतात, कुठलं आधीपासून येत नव्हतं आणि कुठलं आता विसरलं ते कळत नाही, म्हणून तर तरंग बघायचे. त्याची तुलना दुसऱ्या कोणाशी नाही. त्याच्याच गेल्या वर्षीच्या कागदाशी. हे मात्र मला पटलं. जन्मभर लोकांनी त्याला दुसऱ्यांच्या पोरांशीच ताडून बघितलं.

२४ जून

डॉक्टरांनी दोन कागद शेजारी ठेवले. गेल्या वर्षी, डोळे मिटल्यावर, सेकंदाला नऊ लाटा. या वर्षी सात. नुसत्या कागदावरून नाही सांगत, म्हणाले. पण थायरॉइड ठीक, कान ठीक, झोप ठीक, आणि तुम्ही सांगता ते बूथचं, बटणांचं, नाचाचं. "सुरुवात झालीय, ताई."

किती वर्षं? नक्की कोणी सांगू शकत नाही. चार-पाच, कधी जास्त.

चार-पाच! माझ्या गोळ्यांएवढीच. क्षणभर मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं.

मग डॉक्टर म्हणाले, पुढे पुढे त्याला चालवायला लागेल, भरवायला, उचलायला. रोज तेच माणूस, तोच हात असेल तर तो घाबरणार नाही.

घरी येताना आमचे दोन जिने चढले, त्यात चारदा थांबले. दर वेळी गोविंद दोन पायऱ्या वर जाऊन माझ्याकडे वळून बघायचा आणि परत खाली यायचा.

२७ जून

आबिड्सला प्रमिलावहिनींना फोन केला. चुलत भावजय. आईच्या तेराव्यानंतर कधी कोणाकडे काही मागितलं नाही, माझा ताठा. आज विचारलं, माझ्या ऑपरेशनचे दोन महिने गोविंदला तुमच्याकडे ठेवाल? वहिनी म्हणाल्या, "त्याला हलवू नकोस, मीच येते तिकडे राहायला. एवढी वर्षं वाट बघत होते, कधी बोलावशील."

फोन ठेवून खूप रडले. गोविंदने टॉवेल आणून दिला. पाय पुसायचा.

३० जून

ऑपरेशनला हो म्हणून आले. विचारलं, किती वर्षं मिळतील? हृदयाचे डॉक्टर म्हणाले, "बघू या." म्हटलं, बघू या नाही, दहा तरी पाहिजेत. मला भावाला उचलायचंय.